आभाळातून उतरणारी छत्री

मुलांनो, परभणीच्या वर्तमानपत्रांत कधी कधी एक वेगळीच सूचना छापून येते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे हैदराबाद येथे एक केंद्र आहे. तेथून प्लॅस्टिकचे प्रचंड फुगे आकाशात सोडतात. ते ३० ते ४० किलोमीटर उंच जातात. काम संपले की उपकरणांची पेटी फुग्यापासून सुटते आणि रंगीत हवाई छत्रीला लटकून खाली येते. वारा तसा असेल तर ती आपल्या जिल्ह्यातील कापसाच्या किंवा तुरीच्या शेतातही उतरू शकते. पेटी उघडू नका, तिच्यावरील पत्त्यावर कळवा, असे सूचनेत सांगितलेले असते.

हवाई छत्री म्हणजे पॅराशूट. आपण उर्दूतही छतरीच म्हणतो.

ही सूचना मी वर्गात वाचून दाखवली, तेव्हा एका मुलाने विचारले, "सर, पेटीत माणूस असला तर?" सगळे हसले. पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. उपकरण फुटले तर दुसरे तयार करता येते. माणसाचे तसे नाही. २४ एप्रिल १९६७ रोजी सोव्हिएत अंतराळवीर व्लादिमीर कोमारोव्ह 'सोयूझ-१' यानातून परत येत होते. यानाची मोठी छत्री बाहेरच आली नाही. राखीव छत्री सोडली, तर ती आधीच्या लहान छत्रीत गुंतली. यान जमिनीवर आदळले आणि कोमारोव्ह मरण पावले.

भारताच्या 'गगनयान'मध्ये अंतराळवीरांच्या कुपीसाठी एकूण १० छत्र्या आहेत. पहिल्या दोन छत्र्या वरचे झाकण ओढून काढतात. पुढच्या दोन कुपीला स्थिर करतात व तिचा वेग कमी करतात. नंतर तीन लहान छत्र्या तीन मोठ्या छत्र्यांना बाहेर खेचतात. मोठ्या छत्रीचा व्यास २५ मीटर, म्हणजे क्रिकेटच्या खेळपट्टीपेक्षाही जास्त! एवढी छत्री एकदम उघडली तर जोराचा हिसका बसेल आणि कापड फाटेल. म्हणून पिशवीच्या नाडीसारखी एक दोरी तिची कड आवळून धरते. छत्री आधी थोडीच फुगते. काही सेकंदांनी दोरी आपोआप कापली जाते आणि छत्री पूर्ण उघडते.

खरे तर दोनच मोठ्या छत्र्या पुरतात. तिसरी कशासाठी? एक दगा देईल म्हणून. १८ नोव्हेंबर २०२२ रोजी झाशीजवळच्या बबिना येथे विमानातून ५ टनांचे वजन अडीच किलोमीटर उंचीवरून टाकले. एक छत्री उघडलीच नाही असे मानून दोनच छत्र्या वापरल्या. वजन सुखरूप उतरले. ३ नोव्हेंबर २०२५ रोजी तेथेच आणखी कठीण परीक्षा घेतली. दोन छत्र्यांपैकी एक दुसरीपेक्षा उशिरा पूर्ण उघडेल, अशी मुद्दाम व्यवस्था केली होती. तेव्हा एका बाजूला जास्त ताण येतो. तो ताणही छत्र्यांनी सोसला. मला ही परीक्षा फार आवडली. चूक होण्याची वाट न पाहता शास्त्रज्ञांनी ती स्वतःच घडवून आणली.

तुम्हीही असा प्रयोग करू शकता. सारख्या आकाराचे तीन रुमाल घ्या. प्रत्येकाच्या चार कोपऱ्यांना सारख्या लांबीचे दोरे बांधा. सगळे दोरे एकाच खड्याला बांधा आणि खडा उंचावरून सोडा. खाली कोणी उभे नाही ना, ते आधी पाहा. मग एक रुमाल गुंडाळून बांधून टाका आणि खडा पुन्हा सोडा. दोन्ही वेळा किती सेकंद लागले, ते वहीत लिहा.