लिनक्सची डिस्क भरली? आधी मोजा, मग पुसा

उबुंटू किंवा डेबियनच्या संगणकावर डिस्क काठोकाठ भरली, की बिघाड भलतीकडेच दिसतो. पासवर्ड बरोबर असूनही लॉगिनचा पडदा परत येतो, डेटाबेस सुरू होत नाही, अपडेट अर्ध्यात थांबतं. अशा वेळी हाताला लागेल ती फाइल उडवू नका. जागा कुठे गेली हे आधी यंत्रालाच विचारा.

काय लागेल : टर्मिनल, सुडोचा अधिकार आणि महत्त्वाच्या फायलींची दुसऱ्या डिस्कवर प्रत. कमांड इथे देवनागरीत दिल्या आहेत; टाइप करताना रोमन लहान अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरा. अक्षर मोठं हवं तिथे तसं सांगितलं आहे.

कृती

१. 'डीएफ -एच' चालवा. '/', '/बूट', '/होम' यांपैकी नेमकं काय भरलं ते कळेल. 'लूप' नावाच्या ओळी १०० टक्के दिसल्या तरी घाबरू नका. ती स्नॅप पॅकेजेस असतात आणि कायम भरलेलीच दिसतात.

२. जागा शिल्लक असूनही नवी फाइल तयार होत नसेल, तर 'डीएफ -आय' पाहा. प्रत्येक फाइलला एक आयनोड लागतो आणि एक्स्ट४ मध्ये आयनोडची संख्या फॉरमॅट करतानाच ठरते. लाखो चिमुकल्या फायली साचल्या की आयनोड आधी संपतात.

३. आता मोठी फोल्डर शोधा : 'सुडो डीयू -एक्सएच -डी १ / | सॉर्ट -एच'. सर्वांत मोठं फोल्डर यादीत तळाशी येतं. '१ /' च्या जागी '१ /व्हार' असं लिहीत एकेक पायरी आत उतरा. 'एक्स' मुळे दुसऱ्या डिस्कचा हिशेब यात मिसळत नाही.

४. बिनधोक सफाई आधी करा. 'सुडो एपीटी क्लीन' फक्त डाउनलोड केलेली पॅकेजेस पुसतं, बसवलेल्या सॉफ्टवेअरला हात लावत नाही. मग 'सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह'. याने जुने कर्नल जातात आणि '/बूट' मोकळं होतं. होकार देण्यापूर्वी यादी वाचा.

५. 'जर्नलसीटीएल --डिस्क-यूसेज' ने सिस्टमच्या नोंदींचा आकार पाहा. एरवी त्या फाइल यंत्रणेच्या १० टक्क्यांपर्यंत, पण फार तर ४ जीबीपर्यंत वाढतात. 'सुडो जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइझ=२००एम' (एम मोठा) जुन्या नोंदी छाटतं.

६. '/व्हार/लॉग' मधली एखादी फाइल फुगली असेल तर ती 'आरएम' ने पुसू नका. 'सुडो ट्रंकेट -एस ०' आणि पुढे फाइलचं नाव लिहून ती रिकामी करा. चालू प्रोग्रामने उघडून ठेवलेली फाइल पुसली, तर नाव जातं, पण प्रोग्राम ती सोडेपर्यंत जागा अडकून राहते.

७. कुणी आधीच पुसली असेल, तर 'डीएफ' जास्त वापर दाखवतं आणि 'डीयू' कमी. 'सुडो एलएसओएफ +एल१' (एल मोठा) अशा फायली आणि त्या धरून बसलेला प्रोग्राम दाखवतं. ती सेवा रीस्टार्ट करा, जागा सुटेल.

८. एक्स्ट४ एरवी ५ टक्के जागा रूटसाठी राखून ठेवतं. १ टीबीच्या डिस्कवर ती सुमारे ५० जीबी होते. डिस्क निव्वळ फोटो-व्हिडिओंची असेल तर 'सुडो ट्यून२एफएस -एम १' आणि पुढे विभाजनाचं नाव द्या. '/' च्या विभाजनावर मात्र हे करू नका. अडचणीत रूटला आत येता यावं म्हणूनच ती जागा असते.

सावधान : '/यूएसआर' आणि '/व्हार/लिब' मधलं काहीही हाताने पुसू नका. पॅकेजेसची नोंदवहीच '/व्हार/लिब/डीपीकेजी' मध्ये असते. ती गेली की एपीटीला काहीच उमगत नाही.

शेवटी 'डीएफ -एच' पुन्हा चालवून फरक बघा. नोंदी परत फुगू नयेत म्हणून '/ईटीसी/सिस्टमडी/जर्नलडी.कॉन्फ' मधल्या 'सिस्टममॅक्सयूज' या ओळीपुढचं '#' काढा, '५००एम' (एम मोठा) अशी मर्यादा लिहा आणि 'सुडो सिस्टमसीटीएल रीस्टार्ट सिस्टमडी-जर्नलडी' चालवा.