गाडी बंद पडली? आधी पेट्रोलची वाट तपासा

मागच्या दोन पाठांत आपण गटाचं दप्तर आणि व्याजाचा हिशोब पाहिला. या वेळी विषय थोडा वेगळा आहे. प्रभागसंघाच्या बैठकीत चहाच्या वेळी सगळ्यात जास्त गोष्टी निघतात त्या गाडीच्या. आपली पशुसखी असो, बँक सखी असो का सहयोगिनी, नवी गाडी फार थोड्यांकडे आहे. बहुतेकींकडे घरातली जुनीच मोटारसायकल, धन्याने वापरून सोडलेली नाहीतर भावाने दिलेली. आणि ती बंद पडते ती नेमकी केशोरी-चिचगडकडच्या जंगलातल्या रस्त्यावर, जिथे मिस्त्री नाही आणि मोबाईलला रेंजही नाही.

गेल्या रोवणीच्या दिवसांत आमच्या एका पशुसखीचं असंच झालं. गाडी घरून चांगली निघायची, चार-पाच किलोमीटर गेली की झटके घेऊन बंद. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा चालू. "ताई, गाडी चालूनच नाही रायली, मिस्त्री म्हणते कारबोरेटर गेला, नवीन टाका." ती अंतर्गत कर्जाचा अर्ज घेऊनच बैठकीत आली होती. आम्ही गाडी पाहिली. पावसाचं पाणी टंकीत जाऊ नये म्हणून मुलाने टंकीच्या झाकणाखाली पन्नीचा तुकडा घट्ट बसवला होता. पन्नी काढली, गाडी सुरू झाली, ती आजपर्यंत चालू आहे. कर्जाचा अर्ज तिने परत घेतला.

पन्नीने गाडी कशी बंद पडते? टंकीच्या झाकणाला एक बारीक भोक असतं. पेट्रोल खाली उतरलं की त्याची जागा भरायला वरून हवा आत यावी लागते. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल कसं अडकत अडकत येतं, आणि दुसरं भोक पाडलं की सरळ धार लागते, तसंच हे. झाकणाचं भोक पन्नीने, चिखलाने किंवा गंजाने बुजलं की पेट्रोल खाली यायचं थांबतं. गाडी थोडा वेळ उभी राहिली की कुठून तरी हवा शिरते, म्हणून ती पुन्हा सुरू होते. ओळखायची खूण सोपी आहे. बंद पडल्याबरोबर टंकीचं झाकण उघडा. "फुस्स" आवाज आला आणि मग गाडी चालू झाली, तर दोष झाकणात आहे, कारबोरेटरमध्ये नाही.

यातून आमचं एक ठरलं. आधी कारबोरेटरला हात लावायचा नाही. पेट्रोल टंकीतून निघून प्लगपर्यंत ज्या वाटेने जातं, ती वाट वरून खाली तपासत यायची. वाट अशी आहे: टंकीचं झाकण, टंकी, कॉक, रबरी नळी, कारबोरेटरची वाटी, जेट, आणि शेवटी इंजिन. यातल्या निम्म्या जागा पाना न लावता तपासता येतात.

त्याआधी एक खुलासा. हा पाठ कारबोरेटर असलेल्या गाड्यांसाठी आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाला आणि त्यानंतरच्या बहुतेक मोटारसायकलींना कारबोरेटर नाही, पेट्रोल सोडायचं काम तिथे सेन्सर आणि पंप करतात. तुमची गाडी कोणत्या सालची आहे ते आरसीवर बघा. २०२० नंतरची असेल तर खोलायच्या भानगडीत पडू नका.

आता कॉक. ऑन, ऑफ आणि रिझर्व्ह या तीन जागा सगळ्यांना माहीत आहेत. पण टंकीत ऑनची नळी उंच असते आणि रिझर्व्हचं तोंड तळाशी असतं, हे फार जणींना माहीत नसतं. टंकीतला गंज, गाळ, पाणी सगळं तळाशी बसतं. आपण शंभर रुपयांचं पेट्रोल टाकतो, सध्या त्यात पूर्ण लिटरही येत नाही, आणि गाडी महिनोन्‌महिने रिझर्व्हवरच चालते. म्हणजे तळाचा गाळ आपण रोज कारबोरेटरला पाजतो. जमेल तेव्हा, निदान महिन्यातून एकदा, तीन-चार लिटर एकदम टाका आणि गाडी ऑनवर चालवा. टंकी अर्धी-रिकामी राहिली की पावसाळ्यात आतल्या हवेतला ओलावा पत्र्यावर जमतो आणि गंज सुरू होतो, तेही टळतं.

नळी तपासायची तर कॉक ऑफ करा, कारबोरेटरकडचं नळीचं टोक काढून एका स्वच्छ काचेच्या बाटलीत धरा आणि कॉक ऑन करा. धार एकसारखी पडली पाहिजे. थेंब थेंब पडत असेल तर आधी झाकण उघडून पुन्हा बघा. तरीही तसंच असेल तर कॉकच्या आतली जाळी बुजली आहे. स्कूटी आणि दुसऱ्या काही स्कूटरमध्ये कॉक इंजिनच्या ओढीवर उघडतो, त्यामुळे इंजिन बंद असताना धार पडणारच नाही. तिथे ही तपासणी लागू नाही.

बाटलीतलं पेट्रोल पाच-दहा मिनिटं स्थिर ठेवा. पाणी पेट्रोलपेक्षा जड असतं, ते खाली वेगळं दिसेल. कारबोरेटरच्या वाटीला खालून एक छोटा स्क्रू असतो, तो सैल केला की वाटीतलं पेट्रोल बाहेर येतं. त्यातही पाणी किंवा लालसर कण दिसले तर वाटी रिकामी करा, स्क्रू घट्ट करा, आणि पुन्हा किक मारून बघा. पुष्कळदा गाडी एवढ्यानेच सुरू होते.

हे सगळं करताना आगीचं भान ठेवा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते. अंगणात गाडी खोलली आणि सपरीत चूल पेटलेली असेल तर वाफ तिथपर्यंत जाऊ शकते. काम दिवसा करा, इंजिन थंड झाल्यावर करा, कोणाला विडी ओढू देऊ नका. नळीने पेट्रोल काढताना तोंडाने ओढू नका. ते फुफ्फुसात गेलं तर जीवावर बेततं. चुकून कोणी पेट्रोल प्यायलंच तर उलटी करायला लावू नका, सरळ दवाखान्यात न्या. आणि थंड पेयाच्या बाटलीत पेट्रोल भरून घरात ठेवणं आजच बंद करा. लहान लेकराला त्यातलं सरबत कोणतं आणि पेट्रोल कोणतं हे कळत नाही.

पुढे कारबोरेटर. नाव मोठं आहे, काम साधं आहे. त्याच्या वाटीत एक तरंगणारा फ्लोट असतो. घरच्या प्लास्टिकच्या पाण्याच्या टाकीत बॉल असतो ना, टाकी भरली की पाणी बंद करणारा, तोच प्रकार. वाटी भरली की फ्लोट वर येतो आणि त्याची सुई पेट्रोलची वाट बंद करते. या सुईखाली कचऱ्याचा कण अडकला की वाट बंद होत नाही आणि खालच्या नळीतून पेट्रोल गळायला लागतं. त्याला ओव्हरफ्लो म्हणतात. अशा वेळी कॉक लगेच ऑफ करा. पेचकसच्या लाकडी किंवा प्लास्टिकच्या मुठीने वाटीवर हळूच दोन-चार ठोके द्या, कधी कधी कण निघून जातो. गळणं थांबलं नाही तर गाडी सुरू करू नका, ढकलत न्या.

वाटीतून पेट्रोल वर जातं ते जेटमधून. जेट म्हणजे फवारणी पंपाचा नोझल समजा. भोक बारीक, हवा जोरात, म्हणून पेट्रोलची धार न होता तुषार होतो. नोझल बुजला की आपण तार घालत नाही, कारण भोक मोठं झालं की फवारा बिघडतो. जेटलाही तार, सुई, पिन काही घालायचं नाही. हवेच्या पंपाने फुंकून साफ करायचा. कोणी मिस्त्री पिन घेऊन बसला तर त्याला थांबवा. भोक किंचित मोठं झालं की ॲव्हरेज कायमचा जातो, मग नवा जेटच लागतो.

जेट दोन असतात. लहान जेट गाडी उभी असताना आणि हळू चालताना पेट्रोल देतो, मोठा जेट ॲक्सिलरेटर जास्त पिळल्यावर. म्हणून गाडी रेस दिली की चालते पण सोडली की बंद पडते, तर लहान जेट बुजला असावा, नाहीतर आयडलिंगचा स्क्रू उतरला असावा. उलट, उभी असताना छान धडधडते पण चढावर दम सोडते, तर मोठ्या जेटकडे किंवा एअर फिल्टरकडे बघा. धान कापणी-मळणीच्या दिवसांत रस्त्यावर जी धूळ आणि भुसा उडतो, त्याने फिल्टर लवकर भरतो. तो कारबोरेटरच्या आधी बघायची वस्तू आहे.

धुरावरूनही पुष्कळ कळतं. धूर काळा असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा हवा कमी मिळतेय. निळसर धूर आणि जळक्या ऑइलचा वास असेल तर इंजिन ऑइल जळतंय, ते काम रिंग-पिस्टनचं आहे, कारबोरेटर कितीही साफ केला तरी जाणार नाही. या एका गोष्टीत फसवणूक खूप होते.

आणि चोक. विदर्भात सगळ्यात कमी तापमानाची नोंद पुष्कळदा गोंदियातच होते, हे हिवाळ्यात सकाळी सातच्या बैठकीला निघणारीला सांगायला नको. थंडीत पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून चोक ओढून हवा कमी करायची. गाडी सुरू झाली, मिनिटभर चालली, की चोक परत ढकलायचा. चोक तसाच राहिला की प्लग काळा होतो आणि पेट्रोल भसाभस जातं. सुरू होत नाही म्हणून वीस-पंचवीस किका मारल्या आणि पेट्रोलचा वास यायला लागला, तर प्लग भिजला. तेव्हा कॉक ऑफ, चोक बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून आठ-दहा किका. नाही झालं तर प्लग काढून पुसा, थोडा वेळ वाळू द्या. प्लग पूर्ण कोरडा निघाला तर उलट समजा, पेट्रोल तिथवर पोचलंच नाही, पुन्हा झाकणापासून सुरुवात करा. एक चांगला प्लग आणि प्लगचा पाना सीटखाली असावाच.

आजकाल सगळ्या जणी विचारतात, इथेनॉलच्या पेट्रोलने गाडी खराब होते का? पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल उसापासून, मक्यापासून आणि तांदळापासूनही करतात, म्हणजे धानवाल्या जिल्ह्याला ते अगदी परकं नाही. लिटरमागे त्याची ताकद पेट्रोलपेक्षा कमी, त्यामुळे ॲव्हरेज थोडा घटतो. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या पद्धतीच्या दुचाकींसाठी ही घट ३ ते ४ टक्के धरली आहे. निम्मा ॲव्हरेज गेला असेल तर कारण दुसरं आहे, इथेनॉलवर ढकलून मोकळं होऊ नका. पण इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या, वायसर त्याने लवकर कडक किंवा फुगीर होऊ शकतात. नळी वाकवून बघा, बारीक भेगा दिसल्या तर बदला, ती स्वस्तातली वस्तू आहे. गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर कॉक ऑफ करून गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे वाटीत पेट्रोल साचून चिकट थर बसणार नाही.

गावात किराणा दुकानात बाटलीतलं पेट्रोल मिळतं, अडचणीला आपण घेतोही. पण त्यात काय मिसळलंय ते कोणी सांगत नाही. पंपावर मात्र तुम्हाला विचारायचा हक्क आहे. फिल्टर पेपरची चाचणी, घनता आणि पाच लिटरचं माप, हे तिन्ही ग्राहकाने मागितलं तर फुकट दाखवावं लागतं. फिल्टर पेपरवर थेंब टाकला की तो उडून जावा, डाग राहिला तर भेसळीची शंका घ्यावी. एकटीने विचारायला संकोच वाटतो, चार जणी मिळून जा.

मिस्त्रीकडे जाताना "गाडी बिघडली" एवढंच सांगू नका. वहीत लिहून न्या: किती किलोमीटरनंतर बंद पडते, थंड असताना का गरम झाल्यावर, चोकवर चालते का, धूर कसला, प्लग ओला का कोरडा. कारबोरेटरचा हवेचा स्क्रू फिरवायच्या आधी तो किती आटे उघडा आहे ते मोजायला सांगा आणि तो आकडा स्वतः लिहून घ्या. आणि जेट, सुई, नळी काहीही बदललं तर जुना भाग परत मागून घ्या. आमच्या पशुसखीने तर पन्नीचा तो तुकडाही वहीत चिकटवून ठेवलाय, येत्या बैठकीत ज्यांना बघायचा असेल त्यांनी तिला सांगावं.