हर्णैला निघताय? आधी तिथी पाहा

माळशिरस, नातेपुते, अकलूज भागातल्या माणसाला पाणी कळतं ते कालव्याचं. पाळी आली की सुटतं, संपली की बंद होतं. समुद्राचं तसं नसतं. तो दिवसातून दोनदा चढतो, दोनदा उतरतो आणि त्याची वेळ रोज सरकते. दापोली तालुक्यातलं हर्णै बंदर, समोरचा सुवर्णदुर्ग, शेजारचं मुरुड आणि आंजर्ले बघायला निघण्याआधी एवढं ध्यानात घ्या.

काय करावे

• दिवस तिथी पाहून ठरवा. कोकणातला जुना हिशेब सोपा आहे : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ अंदाजे कळते. एकादशीला अकराची पाऊणपट सव्वाआठ. म्हणजे सकाळी आणि रात्री सव्वाआठच्या सुमारास भरती, अडीचच्या आसपास ओहोटी. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं, अमावास्या पंधरावी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं. पाणी खूप वर येतं आणि तितकंच आत जातं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा चढउतार कमी. लेकरं बरोबर असतील तर भांगाचे दिवस बरे. हा हिशेब अंदाजाचा आहे. नेमकी वेळ बंदरावर विचारा.

• सुवर्णदुर्गाला सकाळी जा. किल्ला चहूबाजूंनी पाण्यात, होडी हर्णै बंदरातून. उतरताना गुडघाभर पाण्यात पाय टाकावा लागतो, म्हणून वयस्कर माणसांना आधी तसं सांगून ठेवा. पिण्याचं पाणी बरोबर न्या. दरवाजा पूर्वेला, जवळ जाईपर्यंत दिसत नाही असा बांधलेला. पायरीवर कोरलेलं कासव आहे, त्यावर पाय पडू देऊ नका. तटावर मारुती आहे. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात आलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी हा एक.

• तिथं बसून पोरांना १७५५ सांगा. कान्होजी आंग्र्यांचं आरमार ज्या किल्ल्याच्या बळावर वाढलं, तो तुळाजी आंग्र्यांकडून घेण्यासाठी पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली. कमोडोर जेम्सने तोफा डागून तो पाडला. पुढच्याच वर्षी विजयदुर्ग पडला आणि आंग्र्यांचं आरमार जळालं. मला ही आपल्या इतिहासातली फार मोठी चूक वाटते, आणि ती पोरांपासून लपवू नये.

• बंदरावरचा मासळीचा लिलाव बघा, पण कडेला उभं राहून. पोटापर्यंत पाण्यात उभे बैल होडीतला माल किनाऱ्यावर ओढतात. उसाची गाडी ओढणारे बैल पाहिलेल्या डोळ्यांना हे दृश्य विसरता येत नाही. कोळणींचे फोटो विचारून काढा, त्यांच्या कामाची ती घाईची वेळ असते.

• मुरुडला महर्षी कर्व्यांचं गाव म्हणून जा. परीक्षेसाठी इथून पायी साताऱ्याला गेलेला हा मुलगा वयाने लहान दिसतो म्हणून परत पाठवला गेला. आपण गाडीतून कुंभार्ली घाट उतरतो तेव्हा हे आठवावं.

काय टाळावे

• विहिरीत, कालव्यात पोहता येतं म्हणून समुद्रात खोल जाऊ नका. ही चूक आपल्याच भागातली तरणी पोरं करतात. विहिरीचं पाणी ओढत नाही. समुद्राचं ओढतं, ओहोटीला तर जास्तच. ओढलं गेलात तर किनाऱ्याकडे झगडत येऊ नका, दम तुटतो. किनाऱ्याला समांतर आडवं पोहा, ओढ सुटली की मग वळा. कमरेच्या वर पाणी नको, आणि दारू पिऊन पाण्यात तर अजिबातच नको.

• वाळूवर गाडी घालू नका. ओली वाळू कडक दिसते, चाक रुततं आणि भरती तुमच्यासाठी थांबत नाही. वाळूवर शिंपल्या, खेकडे आणि कासवाची अंडीही असतात.

• जून-जुलैत ताज्या मासळीच्या आशेने जाऊ नका. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते आणि पावसाळ्यात किल्ल्याची होडीही मिळत नाही. आषाढात तसंही माउलींची पालखी आपल्या तालुक्यात असते.

• माळकरी मंडळींनी जेवणाची काळजी करू नये. फणसाची भाजी, सोलकढी, उकडीचे मोदक घरगुती खानावळीत मिळतात. फक्त आदल्या दिवशी सांगायला विसरू नका.

• वेळासला किंवा आंजर्ल्याला कासवाची पिल्लं समुद्रात सोडताना दोरीच्या आत जाऊ नका, पिल्लू हातात घेऊ नका, फोनचा उजेड मारू नका. उजेडाने त्यांची दिशा चुकते.

• होडीवाला ‘आज नको’ म्हणाला तर जास्त पैसे देऊन त्याला गळ घालू नका. सुवर्णदुर्ग पुढच्या वर्षीही तिथंच असेल. तुम्ही सगळे घरी परत या.