‘लेट’ म्हणजे काय?

कोल्हापूरला आगगाडी आली १८९१ साली. स्टेशनवर गेलो की एक शब्द हमखास कानी पडतो. तो म्हणजे ‘लेट’.

लेट म्हणजे उशिरा, ठरल्या वेळेनंतर. काम कधी झाले, हे तो सांगतो. आपण म्हणतो, ‘गाडी लेट आली.’ इंग्रजीत क्रम उलटा. तेथे ‘केम लेट’ म्हणतात. ‘आली’ आधी, ‘लेट’ नंतर.

समजा, गाडीची वेळ ८ वाजून ५० मिनिटे आहे. फळ्यावर लिहिले, ‘४० मिनिटे लेट’. म्हणजे गाडी साडेनऊला येणार.

शाहू महाराजांनी १९०६ साली कोल्हापुरात कापडगिरणी काढली. गिरणी आली की कामाची वेळ घड्याळावर येते. कारखान्यात वेळेनंतर येणाऱ्याच्या नावापुढे खूण करतात. ती ‘लेट मार्क’. मुदतीनंतर पैसे भरले तर जादा आकार पडतो. ती ‘लेट फी’.

पण हाच शब्द माणसाच्या नावाआधी आला, तर अर्थ पार बदलतो. तेव्हा लेट म्हणजे कैलासवासी, वारलेला.

एका घरात सासूबाई वारल्या. त्यांचे बँकेत थोडे पैसे होते. त्यासाठी सासऱ्यांनी अर्ज करायचा होता. अर्ज इंग्रजीत होता. तो कोणाकडून तरी भरून घेतला. सासरे अंगठा लावणार, इतक्यात सुनेने कागद हाती घेतला. ती नुकतीच इंग्रजी अक्षरे शिकली होती.

“मामा, थांबा जरा. हिथं तुमच्या नावाआधी एल, ए, टी, ई लिवलंय. लेट!”

“मग? अर्जाला उशीर झालाय, म्हणून लिवलं असंल.”

“न्हाई वो. आत्तींच्या नावाआधी पायजे, ते तुमच्या नावाआधी पडलंय.”

“म्हंजे मी मेलो व्हय?”

“कागदावर तसंच झालंय बघा.”

अर्ज पुन्हा भरला. मगच मामांनी अंगठा दिला. पहिला अर्ज तसाच गेला असता, तर पैसे अडकले असते. जिवंत माणसाला ‘मी जिवंत आहे’ म्हणून खेटे घालावे लागले असते.

लक्षात ठेवा : कामाबरोबर ‘लेट’ आला तर उशीर. नावाआधी आला तर मरण. वाचून घ्या, मगच सही करा.

आता सांगा :
१. एस.टी.ची वेळ ११ ची. ती २५ मिनिटे लेट आहे. किती वाजता येईल?
२. घरातला एखादा इंग्रजी कागद काढा. कोणाच्या नावाआधी ‘लेट’ आहे? ते बरोबर आहे का?