बसलं म्हणजे चाललं असं नाही! जुन्या कॉम्प्युटरला नवी ड्राइव्ह जोडण्याआधी



बाळकुम नाक्यापासून कोलशेतपर्यंत एक चक्कर मारा. मेडिकल, दवाखाना, सोसायटीचं ऑफिस, टेम्पोवाल्याची केबिन... सगळीकडे एक जुना कॉम्प्युटर आणि तक्रार एकच, "फार स्लो झालाय हो." जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवून देणं हा कमी भांडवलाचा धंदा आहे. पण पार्ट चुकीचा आणलात तर नफा तिथेच संपला.

माझंच झालं होतं. लॅपटॉप उघडला, एम डॉट टू स्लॉट दिसला, एनव्हीएमई ड्राइव्ह आणली. मस्त बसली, पण लॅपटॉपला दिसेचना! स्लॉट फक्त साटाचा होता. फोडलेलं पॅकेट कोण परत घेणार? भुर्दंड माझ्या खिशाला.

म्हणून तीन पिढ्या ओळखायला शिका.

१. आयडीई : रुंद, चपटी पट्टीसारखी केबल, ४० पिनांचा कनेक्टर. २००३ च्या सुमारास साटा आलं आणि ही मागे पडली. आजच्या मदरबोर्डवर हिची जागाच नसते. अशा डिस्कवरचा डेटा काढायला आयडीई ते यूएसबी कन्व्हर्टर जवळ ठेवा. मोठ्या डिस्कला वेगळा पॉवर सप्लाय लागतो, तो सोबत आहे ना बघून घ्या.

२. साटा : डेटाची बारीक केबल ७ पिनांची, पॉवरची १५ पिनांची. वेग तीन : १.५, ३ आणि ६ गिगाबिट प्रति सेकंद. इथे जुनं-नवं सहसा जुळतं, फक्त दोघांपैकी जो हळू, त्याच्या वेगाने काम चालतं. तरी जुन्या बोर्डवरही एसएसडीने फरक पडतो, कारण हार्ड डिस्कसारखी फिरती तबकडी आणि सरकती सुई तिच्यात नसते.

३. एम डॉट टू : हे फक्त आकाराचं नाव. त्यातून साटा चालेल, एनव्हीएमई चालेल की दोन्ही, हे स्लॉट बघून खात्रीने कळत नाही. मॉडेल नंबर घ्या, कंपनीचं मॅन्युअल उघडा. शिवाय बऱ्याच जुन्या बोर्डांवर एनव्हीएमईवरून विंडोज सुरू होत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ड्राइव्ह तुम्ही पुन्हा विकत आणाल, पण त्या मेडिकलवाल्याचे पाच वर्षांचे हिशेब कुठून आणणार? म्हणून क्रम पाठ करा : आधी मॉडेल नंबर, मग मॅन्युअल, मग डेटाची कॉपी, ती उघडून तपासणं आणि शेवटी खरेदी. जुनी डिस्क फॉरमॅट करू नका. पाकिटात घालून, तारीख टाकून गिऱ्हाइकाच्या हातात द्या. एवढ्याने जो विश्वास बसतो, तो हजार पॅम्प्लेट वाटून बसत नाही.

गृहपाठ : आज घरातला किंवा ओळखीतला एक कॉम्प्युटर घ्या. न उघडता, फक्त मॉडेल नंबरवरून त्याला कोणती ड्राइव्ह चालेल ते वहीत लिहा. मग उघडून पडताळा. दहा मशीन अशी झाली की अकराव्याचे पैसे बिनधास्त घ्या!