मदतीचा खर्च कोण देतो?

कळंबला कुणाची मोटार बंद पडली, तर आपण चार माणसे धक्का मारतो. पैसा लागत नाही.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचे तसे नाही. तो २००२ साली पूर्ण झाला. तिथे मोटार अडली, की क्रेन लागते. खालापूरच्या नाक्यावर टोल घेतात. रस्त्याची देखभाल त्यातून चालते.

आता विजेच्या मोटारी आल्या. राज्य सरकारने २०२५ साली त्यांना या मार्गावर टोलमाफी देण्याचे धोरण ठरवले. धूर कमी होईल, हे चांगलेच. पण बॅटरी संपली, की ही मोटारही उचलून न्यावी लागते. आणि माफ केलेल्या टोलचा भार मग इतरांच्या टोलवर नाहीतर सरकारी तिजोरीवर पडतो.

तिजोरीत पैसा आपलाच. म्हणून माफी कुणाला, भार कुणावर, हे आपण विचारले पाहिजे.

वाचा व लिहा : टोल, माफी, तिजोरी.