वारुळाचा धडा : घरच्या अळंबीसाठी हवा आणि ओलावा

मृगाचा पाऊस पडून गेला की आपल्या जोयडा तालुक्याच्या रानात वारुळांवर अळंबी उगवू लागते. पहाटे टोपली घेऊन तिच्या शोधास निघणे हा आपल्याकडचा जुना परिपाठ होय. ही अळंबी मात्र घरी लावता येत नाही. तिची लागवड वाळवी करते. वारुळाच्या पोटात, चघळलेल्या पालापाचोळ्यावर, ती तिचे तंतू जोपासते. घरी लावण्यास योग्य ती धिंगरी अळंबी. तिला लागणारा भाताचा पेंढा आपल्या खळ्यातच आहे. परंतु वाळवीपासून एक धडा घेतल्यावाचून धिंगरीही नीट साधत नाही. तो धडा हवेचा आहे.

अळंबी ही हिरवी वनस्पती नव्हे. ती आपल्याप्रमाणेच प्राणवायू घेते आणि कर्बवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, सोडते. पहिल्या वर्षी आम्ही हे ध्यानी घेतले नाही. ओलावा टिकावा म्हणून खोलीची दारे-खिडक्या घट्ट लावून घेतल्या. परिणामी देठ लांबच लांब वाढले आणि टोप्या बटणाएवढ्याच राहिल्या. बाहेरच्या हवेत दहा हजार भागांस कर्बवायूचे चारांहून थोडे अधिक भाग असतात. खोलीत ते दहाच्या पुढे गेले की टोपी नीट फुलत नाही. हवा खेळवावी तर ओलावा उडतो, आणि ओलावा कोंडावा तर हवा कुजट होते. या दोहोंचा मेळ घालणे हेच या कामातील खरे कौशल्य.

प्रथम पेंढ्याची तयारी पाहू. पेंढ्याचे बोटभर तुकडे रात्रभर भिजवावे. नंतर सुमारे ८० अंश सेल्सियस उष्ण पाण्यात तासभर ठेवून निथळावे. मुठीत दाबल्यास तळहात ओला व्हावा, पण थेंब गळू नये, इतपत ओल पुरे. एक किलो कोरड्या पेंढ्यास सुमारे १०० ग्रॅम अळंबीचे बी थराथराने घालून पिशवी भरावी आणि तिला बारीक भोके पाडावी. पहिले १५ ते २० दिवस तंतू पसरण्याचे. या काळात अंधार व कोंदट हवा चालते. मात्र पिशव्या एकमेकींस चिकटवून रचू नयेत, कारण वाढत्या तंतूंची उष्णता आत साठते. पेंढा पांढरा झाला की पिशवी कापून काढावी. येथून पुढे मोकळी हवा, अक्षरे वाचता येतील इतका मंद उजेड आणि ८० ते ९० टक्के आर्द्रता ही तिन्ही हवीत.

मोकळी हवा आणावी कशी, हे वारुळ शिकविते. दक्षिण भारतातील वारुळांवरील एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. दिवसा वारुळाच्या कडेच्या पोकळ्या मध्यभागाहून लवकर तापतात, रात्री लवकर निवतात. या फरकाने आतील हवा दिवसा एका दिशेने व रात्री उलट दिशेने फिरते आणि साचलेला कर्बवायू बाहेर पडतो. पंखा नाही, खर्च नाही! आम्हीही खोलीच्या एका भिंतीस जमिनीलगत आणि समोरच्या भिंतीस छपराखाली झरोका ठेवला. उबदार हवा वरून जाते, ताजी खालून येते. दोन्ही झरोक्यांस बारीक जाळी लावावी, म्हणजे माश्या येत नाहीत.

ऋतूप्रमाणे वागणूक बदलावी. पावसाळ्यात हवाच ओलीचिंब असते. तेव्हा पाणी फवारू नये, झरोके सताड उघडे ठेवावे. हिवाळ्यात रात्र गार व दुपार कोरडी. म्हणून झरोके दिवसा उघडावे व दाराशी ओली गोणपाटे टांगावी. उन्हाळ्यात हवा रात्री व पहाटे घ्यावी. खोली ३० अंशांपलीकडे तापू लागल्यास नव्या पिशव्या न भरणेच बरे.

कॅसलरॉककडे पावसाचा जोर मोठा, हळियाळच्या बाजूस कमी. म्हणून एका गावाचा अंदाज दुसऱ्यास लागू पडत नाही. यास सोपा उपाय आहे. दोन तापमापक शेजारी टांगावे आणि एकाच्या फुग्यास ओली चिंधी गुंडाळावी. खोली २५ अंशांच्या आसपास असता दोहोंत एक ते दोन अंशांचा फरक असल्यास ओलावा योग्य. तीन अंश झाल्यास हवा कोरडी, गोणपाट भिजवावे. फरकच नसल्यास हवा चिंब, झरोके उघडावे.

शेवटी एक कळकळीची सूचना. धिंगरी पक्व झाली की तिच्यातून धुळीसारखे सूक्ष्म बीजकण उडतात. आमची पहिली खोली माजघरास लागून होती. घरातील वडीलधाऱ्या बाईंस कोरडा खोकला जडला. खोली अंगणापलीकडे हलविल्यावर तो ओसरला. म्हणून निजण्याच्या जागेजवळ अळंबी लावू नये. टोपीची कड वर वळण्यापूर्वीच काढणी करावी, आणि त्या वेळी नाकातोंडावर फडके बांधावे. दमेकऱ्याने या खोलीत जाऊच नये. काढणी बहुधा घरातील बायकांच्याच हातची असते; त्यांच्या श्वासाची काळजी अळंबीच्या श्वासाइतकीच, किंबहुना अधिक, घेतली पाहिजे. चार पैसे मिळवून देणारा हा जोडधंदा कुणाच्या छातीवर बसू नये, एवढीच आमची वाचकांस विनंती.